ड्रॅगननं कूस बदलली

सातशे त्रेचाळीस प्रकरणं झाली
आणि ड्रॅगननं आत्ता कुठे कूस बदललीय.
पहिल्याच पानावर सांगितलं होतं, तो जागा होणार,
डोंगर फुटणार, नद्या उलट्या वाहणार.
मी, छ्यू लानपिंग, गान्सूच्या घाटातल्या टोलनाक्यावर
सहा नंबरच्या खोक्यात बसून
चार हिवाळे वाट बघतेय.

लेखक कोण, ठाऊक नाही.
रात्री एक वाजता मोबाईल थरथरतो, प्रकरण येतं.
नमनाला घडाभर तेल म्हणतात,
इथे तेलाच्या आधी जवस पेरलंय,
उगवलंय, निंदलंय,
झोडपायला बायका आल्यात
आणि त्यातल्या एकीची दाढ दुखतेय.

यिनसू, मिठाची हमाल, पूल ओलांडायला निघाली
तेव्हा माझ्या खोक्याबाहेर बर्फ होतं.
पलीकडे पोचली तेव्हा जर्दाळूचा बहर झडून गेला होता.
पूल बारा फळ्यांचा. मी मोजल्या.

दोष दिसत नाहीत असं नाही.
तिचं खेचर दोनशेव्या प्रकरणात मेलं,
तीनशे दहाव्यात पाणी पीत उभं.
लढाई आली की लेखकाचे हातपाय गळतात,
‘घनघोर युद्ध झालं’ एवढं म्हणून
तो जखमींना सूप पाजायला बसतो.
खलनायक दर वीस प्रकरणांनी हसतो,
तेच हसणं, त्याच शब्दांत.
आणि काही रात्री तर
पेजेत शीत शोधावं लागतं.
पाच नंबरचा मा चेंगलू साठाव्या प्रकरणालाच उतरला.
म्हणाला, एवढ्या वेळात मी
अंडं उबवून स्वतःचा ड्रॅगन वाढवला असता.

पण
सहाशे अकराव्यात म्हातारा नावाडी गेला.
एका ओळीत. ढग नाहीत, भाषण नाही.
सकाळी होडीत कुणी नव्हतं, वल्हं कोरडं होतं.
मी पस्तीस युआनऐवजी
साडेतीनशेची पावती फाडली.
त्याचा खोकला मला पाठ होता,
डाव्या बाहीनं नाक पुसणं,
थोरलीचं नाव आलं की दोर तपासत बसणं.
घाईघाईत सांगितला असता
तर तो मेला असता, बस.
गेला नसता.

माझ्या खिडकीशी गाडी चार सेकंद थांबायची.
खौ देशान, बटाट्यांचा ट्रक, आठवड्यातून दोनदा.
दर खेपेला एकच वाक्य.
‘मुलीला रसायनशास्त्र जमत नाही.’
‘गुडघ्यात पाणी झालंय.’
‘बायको परत आली.’
(गेली होती, हे मला तेव्हा कळलं.)
‘मुलगी लानचौला नोकरीला लागली.’
आठ वर्षं.
मी एकदाही म्हटलं नाही, आटप लवकर.

मागच्या शरदात नवी रांग आली,
पैसे आपोआप कापले जातात, दांडा आपणच वर होतो.
त्याचं शेवटचं वाक्य होतं,
‘डॉक्टरनं पुन्हा बोलावलंय.’
कुणाला, ते पुढच्या खेपेला.

आता तो तीन नंबरमधून न थांबता जातो.
मागचे लाल दिवे दिसतात.
कधी दोनदा हॉर्न.
हे प्रकरण की नुसतं पाणी, कळत नाही.
सहा नंबरला रात्रभरात अकरा गाड्या,
बहुतेक वाट चुकलेल्या.

गेले सतरा दिवस लेखकही गप्प होता.
सुटलीस, म्हणाला चेंगलू.
काल एक चाळीसला मोबाईल थरथरला.
सैन्य अजून नदीच्या अलीकडेच.
ड्रॅगनचा श्वास नेहमीसारखा.
यिनसू शेकोटीपाशी मोजा रफू करतेय,
सुई बोटात घुसली, त्याला अख्खा परिच्छेद.

चिडले मी. खरंच चिडले.
फोन पालथा ठेवला, थर्मासमधलं गरम पाणी प्यायले,
काचेवरची वाफ पुसली.
मग पुन्हा उचलला.
नवव्या टाक्याची गाठ नीट बसलेली नाही,
आणि तिच्या ते लक्षात आलेलं नाही.
सांगून ठेवते, ती गाठ पुढे
कुठेतरी सुटणार आहे.